घोडदौड रोडचे मास्तर

चार वाजले की मास्तर रंग बघायचे बंद होत. दुकान चालू असे, दिवे लागलेले असत, गिऱ्हाईक साडीची पिशवी घेऊन दारात उभं असे, पण मास्तर दोन्ही हात मागे बांधून सांगत, "काले आवजो, बेन." उद्या या. मग बाई कितीही मोठ्या घरची असो. एकदा एकीचं दुसऱ्या दिवशी पहाटे विमान होतं. तिने हे तीनदा सांगितलं. मास्तर म्हणाले, "मग साडी ठेवून जा. फिरून आल्यावर ब्लाउज शिवा. साडी कुठे पळून जाणार आहे?" बाई रागारागाने निघून गेल्या आणि पंधरा दिवसांनी तीच साडी घेऊन सकाळी अकराला हजर झाल्या.

रंग बघायची त्यांची वेळ दहा ते चार, आणि जागाही दुकानातली नव्हे. साडी हातात आली की ते गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर पडत, फुटपाथ ओलांडत आणि कडुनिंबाच्या झाडापलीकडे, जिथे सावली संपायला येते तिथे उभे राहत. थेट उन्हात रंग फिका पडतो, दिव्याखाली पिवळा होतो, खरा रंग सावलीच्या कडेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या गाडीचं दार ड्रायव्हर उघडतो अशा बायका सुरतेतल्या सगळ्यात नखरेल रस्त्यावर, भरदुपारी, पदराचं टोक हातात धरून शाळेतल्या मुलींसारख्या उभ्या असत आणि मास्तर पाच-सहा तुकडे एकामागून एक त्या टोकाला लावून बघत. येणारे-जाणारे स्कूटरवाले मान वळवून पाहत. बायकांना पहिल्या वेळी लाज वाटे, दुसऱ्या वेळी सवय होई, तिसऱ्या वेळी त्या मैत्रिणीला घेऊन येत.

मी त्या दुकानात पिको-फॉलच्या मशीनवर बसायचे. दुकान म्हणजे दहा फूट रुंदीचा गाळा. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजपिसांचे तागे, आणि दाराशी माझं मशीन. मी पांडेसऱ्याच्या कामगारवस्तीत राहणारी, नवरा लूमवर. दोन मुली शाळेत जायला लागल्या तेव्हा काम शोधत शोधत इथे आले. मास्तरही आमच्या खान्देशातलेच, पारोळ्याच्या बाजूचे. तरुणपणी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बादल्या उचलायला लागले आणि वीस वर्षांत शेड जुळवणारे मास्तर झाले. कापडाचा नमुना आला की त्याच्यात कोणते रंग किती पडलेत, हे ते नुसतं बघून सांगत. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी हा गाळा भाड्याने घेतला. "डोळा तोच," ते म्हणत, "तिथे रंग बनवायचो, इथे शोधतो."

पहिल्या दिवशी मी माझी ठेवणीतली गुलबक्षी साडी नेसून कामावर गेले. घोडदौड रोडवर जायचं म्हणजे काय थट्टा आहे? मास्तरांनी मला दारातच अडवलं. "मंगल, तुझ्या पदराची छाया कापडावर पडते. उद्यापासून राखाडी." मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. ते स्वतः बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पांढरी पँट घालत. रंगाजवळ रंग आला की डोळा फसतो, हा मिलमधला धडा. तेव्हापासून ज्या रस्त्यावर कुत्र्यांनासुद्धा रंगीत स्वेटर घालून फिरवतात, तिथे मी वर्षानुवर्षं राखाडी साडी नेसून बसले. गिऱ्हाईक बायकांना वाटे, बिचारीच्या घरी काहीतरी झालं असावं. एकीने तर हळूच विचारलंही. मी म्हटलं, नवरा धडधाकट आहे, मालक विक्षिप्त आहे.

मास्तरांच्या बायकोला मात्र हा नियम लागू नव्हता. काकू पोपटी, केशरी, राणी, सगळं नेसत, तेही मोठ्या जरीच्या काठाचं. मी एकदा ते बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, "घरी मी डोळ्यांना सुट्टी देतो."

रंगांना त्यांची स्वतःची नावं होती, आणि ती सगळी खान्देशातून आलेली. केळीच्या नव्या कोंबाचा हिरवा वेगळा, भरताच्या वांग्याच्या देठाचा हिरवा वेगळा. पांढऱ्यात दादर ज्वारीचा पांढरा, दुधाचा पांढरा आणि चुन्याचा पांढरा. गिऱ्हाइकांची नावं मासिकातली. एक नवी सून आली आणि म्हणाली, "मास्तर, ऑनियन पिंक." मास्तरांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "कांद्याचं काय, बेन? वरचं साल, त्याच्या आतला पापुद्रा, की चिरल्यावर कडेला दिसते ती रेघ?" ती खुदकन हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तीन तागे काढून पुढे ठेवले, आणि खरंच, तिन्ही कांदेच होते. तिने पापुद्रा घेतला.

त्या रस्त्याची मास्तर कधी टिंगल करत नसत. टिंगल मी करायचे. संध्याकाळी पांडेसऱ्याला परतताना शेअरिंग रिक्षात मी बायकांच्या नकला करून दाखवायचे आणि रिक्षातले लोक हसायचे. मास्तरांना कुणीतरी ते सांगितलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "या बायका काय मागतात? आपण चांगलं दिसावं. तू-मी नाही मागत?" रविवारी सकाळी दुकानं उघडण्याआधी ते सगळा रोड या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून येत. काचेमागचे पुतळे, नवे लेहंगे, सगळं मान वर करून बघत. आत कधी गेले नाहीत. परत येऊन सांगत, "यंदा पिस्ता येणार." आणि यायचाच. महिनाभरात सगळा रोड पिस्ता मागायला लागे. प्रत्येकीला वाटायचं, हा आपल्यालाच सुचला. "रोडला ताप आला," मास्तर म्हणत आणि पिस्त्याचे आणखी चार तागे मागवत.

त्या रोडवर नव्याची घाई होती हे खरं, पण मास्तरांकडे जुनंही येई. एक म्हाताऱ्या सुरती बेन तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची मोरपंखी साडी घेऊन आल्या. ब्लाउज फाटलं होतं, नवं हवं होतं. मास्तरांनी साडी उलटी केली, खोचायच्या भागाची घडी उलगडली. तिथे ऊन लागलेलं नव्हतं, रंग तसाच राहिला होता. त्यांनी विचारलं, "बेन, आजचा रंग जुळवू की तेव्हाचा?" बेननी त्या घडीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तेव्हाचा." मास्तरांनी तेव्हाचा तुकडा काढला, साडीच्या पदरावर ठेवला, आणि साडी एकदम म्हातारी दिसायला लागली. बेनच्या चेहऱ्यावरही ते दिसलं. मास्तरांनी तो तुकडा पटकन उचलला. "मधला देतो," ते म्हणाले. तो मधला रंग शोधायला त्यांना दोन दिवस लागले. ब्लाउज शिवून झाल्यावर बेन ते घालूनच दाखवायला आल्या, आणि येताना घारी या सुरती मिठाईचा डबा घेऊन आल्या.

एवढं सगळं सांगितलं, कारण पुढचं सांगायला जड जातं.

एकदा हिवाळ्यात माझ्याकडे जांभळट, आता ज्याला सगळे लॅव्हेंडर म्हणतात तसल्या रंगाची साडी आली. सोबत मास्तरांनी काढून दिलेला फॉल. मी पिको संपवला, फॉल उचलला आणि साडीच्या कडेला लावून पाहिला. राखाडी. माझ्या अंगावरच्या साडीइतका राखाडी. मला वाटलं, घाईत झालं असेल. मी उठले, रॅकमधून बरोबर फॉल काढला आणि शिवून टाकला. मास्तरांना काही बोलले नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी काय बोलायचं?

आठवड्याने गडद निळ्या साडीला काळा फॉल आला. मग दुधाच्या पांढऱ्याला फिकट लिंबोणी. एक-दोनदा ब्लाउजपीसही चुकलं. तेव्हा मी मास्तर जेवायला गेल्यावर बरोबरच्या ताग्यातून नवा तुकडा कापला आणि चुकलेला कटपीसच्या टोपलीत खोल दाबला. लाल, हिरवे, केशरी अजूनही बिनचूक होते. फसत होते ते निळ्याच्या घरातले आणि फिक्या रंगाचे. ते आता झाडापाशी पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहत. गिऱ्हाइकांना वाटे, मास्तर फार बारकाईने बघतायत. मला कळत होतं. माझ्या आईला मोतीबिंदू झाला होता तेव्हा तिलाही धुतलेलं धोतर पिवळं दिसायचं आणि ती वडिलांशी भांडायची.

मी एकदा सहज म्हणून विषय काढला. म्हटलं, आमच्याकडे डोळ्यांचं शिबिर आहे, फुकट तपासतात, जाऊन येऊ या का? मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मिलमध्ये एका मास्तरने चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला गोडाउनला बसवलं. डोळ्याला हात लागला की रंगमास्तर संपला." मग घसा खाकरून त्यांनी मला टाचणीची डबी आणायला सांगितलं, जी त्यांच्या समोरच होती.

मी गप्प बसले. मला भीती होती की बोललं तर हा माणूस मोडेल. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा मानही वाटत होता. एवढ्या मोठ्या मास्तरांची चूक मी निस्तरतेय, आणि कुणाला पत्ता नाही. सात-आठ महिने असंच चाललं.

श्रावणात आमच्या कानबाई असतात. रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. पांडेसऱ्यात तेव्हा निम्मा खान्देश रस्त्यावर असतो. त्या वर्षी देवी आमच्या घरी होती, म्हणून सोमवारची सुट्टी घेतली. मास्तर म्हणाले, "जा, रोट घेऊन ये. दुकान मी बघतो." मंगळवारी मी प्रसादाच्या रोटांचा डबा घेऊन गेले, तर ते खुशीत होते. हंसाबेनच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातल्या बारा बायकांना एकसारख्या साड्या, एकसारखी ब्लाउजं. हंसाबेन म्हणजे आमच्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी ड्रायव्हरबरोबर नमुन्याची एकच साडी पाठवली होती आणि निरोप दिला होता की मास्तर देतील ते बरोबर. मास्तरांनी बारा तुकडे कापून दिलेही होते, आणि ड्रायव्हरने ते थेट टेलरकडे नेले होते.

मी विचारलं, "साडी कुठल्या रंगाची होती?"

"लॅव्हेंडर," मास्तर म्हणाले. ते नाव त्यांनी नव्याने शिकलं होतं.

मी रॅककडे पाहिलं. लॅव्हेंडरचा तागा जसाच्या तसा होता. त्याच्याखालचा राखाडीचा तागा निम्मा झाला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. टेलरने कदाचित कात्री लावली नसती. पण मी रोटांचा डबा उघडला आणि म्हटलं, "मास्तर, खाऊन घ्या." ती माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

दहा दिवसांनी हंसाबेन आल्या. बरोबर त्यांची थोरली सून. सुनेच्या हातात साडी आणि शिवलेलं ब्लाउज. टेलरने एक शब्द विचारला नव्हता. या रोडवर काय कशावर घालतात याचा नेम नाही, त्यालाही वाटलं असणार की हल्ली असंच चालतं. हंसाबेन काही बोलायच्या आत सूनच सुरू झाली. डोळे मोठे करून म्हणाली, "मास्तर, शुं कॉन्ट्रास्ट छे! लॅव्हेंडरवर सिल्वर ग्रे! हे तर कुणाला सुचलंच नसतं. तमे तो डिझायनर थई गया!" तुम्ही तर डिझायनर झालात.

मास्तरांच्या हातात टेप होती. ती तशीच राहिली. त्यांनी साडी घेतली, ब्लाउज घेतलं, आणि बाहेर गेले. आम्ही तिघी दारातून बघत होतो. ते झाडापलीकडे उभे राहिले, दोन्ही एकमेकांवर ठेवलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग परत आले.

त्यांचा चेहरा बघून मीच बोलून टाकलं. "हो ना, बेन. मास्तरांनी मुद्दामच तसं दिलंय. मला म्हणाले होते, बारा जणी एकाच रंगात उभ्या राहिल्या तर डोळ्यात भरणार नाहीत." इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. सुनेने टाळीच वाजवली.

हंसाबेन मात्र मास्तरांकडे बघत होत्या. अकरा वर्षं त्या या माणसाबरोबर झाडाखाली उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मुद्दाम आप्युं, मास्तर?" मुद्दाम दिलंत?

फक्त 'हो' म्हणायचं होतं. सगळ्या रोडवर नाव झालं असतं. सून चार जणींना सांगणार होती, त्या आणखी चार जणींना. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही कौतुकाने बघत होती. मी मनात म्हणत होते, म्हणा, मास्तर, हो म्हणा.

"ना, बेन," मास्तर म्हणाले. "मने लॅव्हेंडर ज देखायो." मला लॅव्हेंडरच दिसला.

सून हसायच्या बेतात होती, ती थांबली. हंसाबेननी साडीची घडी घातली, फार सावकाश, आणि म्हणाल्या, "ब्लाउज तो थई जशे. आंख बतावो, मास्तर." ब्लाउजचं काय, होऊन जाईल, डोळे दाखवा. जाताना त्यांनी मास्तरांना नमस्कार केला. एरवी कधी करत नसत.

दुकान रिकामं झाल्यावर मी मास्तरांवर चिडले. मालक असले म्हणून काय झालं? म्हटलं, "हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "हो म्हटलं असतं, तर उद्यापासून मी जुळवलेला रंग कोणता आणि चुकलेला कोणता, हे मलाही कळलं नसतं."

मग माझाही बांध फुटला. मी रडत रडत सगळं सांगितलं, काळा फॉल, लिंबोणी फॉल, टोपलीत दाबलेले तुकडे. मास्तरांनी मला मध्येच थांबवलं. गिऱ्हाइकांशी ते गुजराती बोलत, माझ्याशी पुस्तकातलं मराठी. घरची अहिराणी त्यांनी दुकानात कधी वापरली नव्हती. त्या दिवशी वापरली.

"माले माहित व्हतं, माय," ते म्हणाले. "पिको सरला की तू लगेच फॉल लावस. जवय तुन्हं मशीन थांबे, तवय माले समजे."

पिको संपला की माझं मशीन फॉलसाठी लगेच सुरू व्हायचं. ते सुरू झालं नाही, खुर्ची सरकली, रॅकपाशी पावलं वाजली, की मास्तरांना कळायचं, आपण चुकलो. सात-आठ महिने ते काउंटरवर बसून माझं मशीन ऐकत होते. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून.

"त्या सोमवारी?" मी विचारलं.

"त्या सोमवारी मशीन बंदच व्हतं," मास्तर म्हणाले. "मी इसरी गऊ. माले वाटनं, थांबनं नही, म्हंजे बरोबर शे." मी नाही हेच ते विसरले होते; मशीन थांबलं नाही, म्हणजे रंग बरोबर आहे, असं त्यांनी धरलं.

मला आधी त्यांचा राग आला. मला इतके महिने खोटं बोलायला लावलं, आणि स्वतः ऐकत बसले! मग राग कुठल्या कुठे गेला. आपला डोळा आपल्याला सोडून चाललाय हे रोज कानाने ऐकणं कसं असेल, याचा विचार करून मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्याच आठवड्यात हंसाबेनची गाडी मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आधी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिन्याने डाव्याचं. काकू सांगत होत्या, पट्टी काढल्यावर मास्तरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढी भडक साडी कधी घेतलीस?" ती साडी सहा वर्षं जुनी होती. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं, म्हणून नवरात्र आणि दिवाळीची सगळी गर्दी मी एकटीने काढली. मी रंग बघायचे, मी कापायचे, आणि अधूनमधून मशीनवर बसायचे. रोज वाटायचं, आज काहीतरी उलटंपालटं होणार.

बारा ब्लाउजांचं काय झालं, तेही सांगते. मास्तरांनी बरोबर रंगाचे नवे बारा तुकडे पाठवले होते. पण सुनेला राखाडीच हवी होती, आणि त्या घरात तिचं चालायचं. लग्नात बाराही जणी लॅव्हेंडरवर राखाडी घालून उभ्या राहिल्या, आणि त्या हिवाळ्यात रोडला राखाडीचा ताप आला. बायका दारात येऊन म्हणायच्या, ते हंसाबेनकडचं कॉन्ट्रास्ट द्या. मास्तर तेव्हा अधूनमधून दुकानात येऊन बसत. ते प्रत्येकीला सांगत, "बेन, एमां मारी भूल थई हती." त्यात माझी चूक झाली होती. बायका म्हणत, मास्तर किती नम्र आहेत. एकीनेही विश्वास ठेवला नाही. मास्तर कपाळाला हात लावत आणि मी तुकडा कापत असे.

पुढे मुलाने त्यांना हजीऱ्याकडे नेलं. तो तिथल्या एका प्लँटमध्ये आहे, त्याला क्वार्टर मिळालं. मास्तर महिन्यातून एकदा येत, मग सणासुदीला, मग फोनवर. मागच्या थंडीत ते झोपेतच गेले. आता रोडही तसा राहिलेला नाही. नवी माणसं, नवे शोरूम वेसूकडे गेले, आमच्याकडची काचेची दुकानं दर दोन वर्षांनी बदलतात. समोर कपड्यांचं होतं तिथे आता कॉफी मिळते. आमचा गाळा आहे. मी आहे. साडी अजून राखाडीच नेसते.

मास्तर आठवले की मला त्या वर्षीची लाभपाचम आठवते. दिवाळीची सुट्टी संपून गुजराती नव्या वर्षात दुकानं उघडतात तो दिवस. पहिलं गिऱ्हाईक, पहिला तुकडा, त्याला फार मान. ऑपरेशननंतर मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा दुकानात आले, काळा चष्मा लावून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मी काउंटर पुसून त्यांची गादी झटकून ठेवली होती. ते गादीवर बसले नाहीत. चष्मा काढून खिशात ठेवला आणि डाव्या भिंतीच्या वरच्या टोकापासून तागे बघायला लागले.

एकेका ताग्यावर हात ठेवत ते पुढे सरकत होते. पांढरे, पिवळे, केशरी, लाल. ते नव्हते तेव्हा माल आला होता, रचनाही मीच केली होती. निळ्यांपाशी आले तेव्हा मी पुसलेला काउंटर पुन्हा पुसायला लागले. जांभळ्यांपाशी थांबले. राखाडीच्या सगळ्या ओळीवरून बोट फिरवलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. शेवटी हिरव्यांतला एक तागा त्यांनी बाहेर ओढला आणि दोन घरं खाली ठेवला. "हा पिवळ्याकडे जातो," ते म्हणाले. मी खूप वेळ टक लावून पाहिलं तेव्हा मला तो पिवळेपणा दिसला. त्यांचंच बरोबर होतं.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी बरोबर आहे," मास्तर म्हणाले, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले.

तेवढ्यात वर्षाचं पहिलं गिऱ्हाईक आलं. ओळखीच्या बाई. मास्तरांना बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी साल मुबारक म्हणत पिशवीतून साडी काढली आणि थेट त्यांच्यापुढे धरली. फिकट आकाशी. मास्तरांचे दोन्ही डोळे स्वच्छ होते, चार वाजायला सहा तास होते. त्यांनी साडीला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून म्हणाले, "मास्तरने बतावो, बेन."

मास्तरांना दाखवा. बाईंनी गोंधळून दुकानभर पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं. माझ्या मागे नुसती भिंत होती.

मग मी हात पुसले आणि साडी घेतली.